मधली गाठ

अंगोशेच्या खाडीकाठी, वादळानंतर तिसऱ्या आठवड्यात
मुआझिझाचं घर पुन्हा आखायचं होतं.
मी चार खुंट्या ठोकल्या, वाळूत पावलं मोजली:
सहाच्या समोर सहा,
चारच्या समोर चार.
"झाला आयत," मी म्हणालो.

काजूच्या बुंध्याला टेकून म्हातारा ओसुफो बसलेला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्याला माझी आखणी दिसत नव्हती,
म्हणूनच बहुधा त्यानं विचारलं,
"कशावरून?"

"दिसतोय की."

"दिसायला काय,
वादळाच्या आदल्या रात्री तिचं घरसुद्धा
उभं दिसत होतं.
आणि बाजूंना काय विचारतोस?
बाजू तुझ्याच बाजूनं बोलणार.
चौकटीला एका कोपऱ्यात खांदा लाव,
सहाचे सहा राहतील, चारचे चार,
समांतरही राहतील बापड्या,
आणि घर मात्र दारुड्यासारखं कललेलं.
पोरा, सरळ विचारून कळत नाही.
तिरकं विचार."

मांडीखालून त्यानं काथ्याच्या दोन दोऱ्या काढल्या,
सारख्या लांबीच्या, बरोबर मध्यावर एकमेकींना बांधलेल्या.
गावातली निम्मी घरं याच दोऱ्यांतून उतरलेली,
गाठ हातांच्या तेलानं काळी, सुपारीएवढी कठीण.

एक टोक मी धरलं, एक मुआझिझानं,
एक तिच्या भाच्यानं,
आणि चौथं सात वर्षांच्या अतीझानं, दोन्ही मुठींत.
ताणलं.
माझ्या खुंटीपाशी दोरी वीतभर कमी पडली.
अतीझाच्या खुंटीपाशी वीतभर उरली.
कुणी काही बोललं नाही.
खाडीवरून खारफुटीचा वास आला आणि गेला.

मग खुंट्या उपटल्या.
रुंदीची काठी फक्त एका अंगाला धरली,
दोऱ्या ताठ केल्या,
टोकं जिथे पोचली तिथे कोपरे.
गुण्या कुणी लावला नाही,
काटकोन कुणी मागितला नाही,
चारही कोपऱ्यांत तो आधीच येऊन बसला होता.

"सारखे कर्ण, दोघांचे सारखे दोन भाग,"
ओसुफो म्हणाला. "आता म्हण आयत."

अतीझाला खेळ सापडला.
काठी फेकून ती आपलं टोक घेऊन सरकू लागली,
आम्हाला ओरडून सरकवू लागली.
ओसुफो मध्ये उकिडवा बसला, बोटं गाठीवर.
"थांब. चौरस."
"तुला काय दिसतं रे आजोबा?"
"गाठीतून चार वाटा फुटतात. चौघींमधलं अंतर
आत्ता माझ्या बोटांना एकच लागलं."
ती पळत जाऊन कोपऱ्यासमोर उभी राहिली:
"इथून तर हा हिरा आहे!"
"वळलीस तू. तो नाही वळला."

मुआझिझा इतका वेळ गप्प होती.
कंबरेच्या कापुलानात खोचलेला
नवऱ्याच्या जाळ्याचा फाटका तुकडा तिनं काढला,
एक डोळा चिमटीत धरून म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला.
"आणि हा?"
त्यानं तो उभा ओढला, आडवा ओढला.
बारीक झाला, पसरला,
चारही बाजू तेवढ्याच्या तेवढ्या.
"समभुज," तो म्हणाला,
मग जरा थांबून, "चांगला विणायचा तो."
"हो," ती म्हणाली, आणि तुकडा परत खोचला.

संध्याकाळी बांबू रोवायला घेतले.
माझ्या पहिल्या आखणीची चार भोकं
वाळूत तशीच राहिली होती, तिरपी.
एकात खेकडा राहायला आलेला.
त्यानं आधी एक नांगी बाहेर काढली,
मग दुसरी,
आणि आडवा चालत
नव्या घराच्या कर्णावरून निघून गेला.